दूरदर्शन कोणाचं? माझ्या सेवापुस्तकातून निघालेलं उत्तर

नाशिक रोडच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "पत्रकारितेच्या प्रकल्पासाठी दूरदर्शनचा इतिहास लिहितेय. पुस्तकात म्हटलंय की दूरदर्शन प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाचं आहे. वडील इथल्या सरकारी छापखान्यातून (प्रेसमधून) निवृत्त झालेत, ते म्हणतात, दूरदर्शन सरकारी खातंच आहे, पगार सरकारच देतं. मग खरा मालक कोण? मालकी बदलली असेल तर कधी? आणि उद्या ही वाहिनी एखादी खासगी कंपनी विकत घेऊ शकते का?"

मी १९८६ साली दूरदर्शनच्या तांत्रिक विभागात लागलो आणि २०२१ ला निवृत्त झालो. त्यातला बराच काळ नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या प्रक्षेपण केंद्रावर गेला. तुमचा प्रश्न मला नोकरीभर पडलेला होता, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी प्रश्नच नीट मांडू या. घराचा मालक कोण, असं विचारलं तर आपण सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा पाहतो आणि एक नाव सांगतो. वाहिनीचं तसं नसतं. वाहिनी म्हणजे हवेतल्या लहरी, जमीन आणि टॉवर, यंत्रं, माणसं, पैसा, आणि काय दाखवायचं हे ठरवणारा हात. खासगी वाहिनीत लहरी सोडल्या तर बाकी सगळं बहुतेक एकाच कंपनीच्या मुठीत असतं. दूरदर्शनमध्ये ते वेगवेगळ्या हातांत आहे. म्हणून तुमचे वडील आणि तुमचं पुस्तक वेगवेगळ्या गोष्टींकडे बोट दाखवतायत.

तुम्ही नाशिक रोडच्या आहात, तर उदाहरणं दूर शोधायला नकोत. तुमच्या वडिलांच्या प्रेसचंच घ्या. नोटांचा छापखाना आणि सिक्युरिटी प्रेस ही आधी थेट अर्थ मंत्रालयाखालची युनिटं होती. २००६ साली त्यासाठी महामंडळ नावाची, पण कायद्याने कंपनी असलेली संस्था उभी राहिली. तिचे सगळे शेअर सरकारचे. ओझरचं विमानं बनवणारं एचएएलही सरकारी कंपनीच, पण तिचे काही शेअर २०१८ पासून बाजारात आहेत, तुम्ही-आम्ही विकत घेऊ शकतो. पोस्ट ऑफिस हे निव्वळ खातं. आणि सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उभी असते ती एसटी, ती १९५० च्या कायद्याखाली बनलेल्या महामंडळाची. आपल्या एका गावात सरकारी मालकीचे हे चार वेगळे प्रकार आहेत. दूरदर्शन जन्मलं पोस्टासारखं आणि आज आहे एसटीच्या जवळपास : खास कायद्याने बनलेलं महामंडळ. ती कंपनी नाही. हा फरक लक्षात ठेवा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आता इतिहास. तारखा प्रकल्पात लागतील म्हणून देतो, पण प्रत्येक तारखेला मालकीचं काय झालं तिकडे लक्ष द्या.

१५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत आकाशवाणी भवनातून प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. आठवड्यातून दोन दिवस, तासभर. हा आकाशवाणीचाच एक कोपरा होता आणि आकाशवाणी हे माहिती व नभोवाणी मंत्रालयाचं खातं. रोजचं प्रक्षेपण १९६५ मध्ये सुरू झालं. मुंबईचं वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्याला चित्र दिसू लागलं. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. घरात भावाभावांच्या वाटण्या होतात तसं हे झालं, पण घर मंत्रालयाचंच राहिलं. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जाहिराती सुरू झाल्या होत्या, म्हणजे खातं कमावतंही झालं होतं. कमाई मात्र सरकारी तिजोरीत जायची.

तेव्हा प्रेक्षकही पैसे भरत. रेडिओ आणि टीव्ही घरात ठेवायला परवाना लागे आणि त्याची वार्षिक फी पोस्टात भरावी लागे. आमच्या घरी ते पुस्तक रेशनकार्डाबरोबर एकाच पिशवीत असे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती फी रद्द झाली, लोकांना बरं वाटलं. मला आज वाटतं की त्या दिवशी प्रेक्षकाचा दूरदर्शनवरचा थेट हक्क संपला. इंग्लंडमध्ये बीबीसी आजही घरोघरच्या परवाना फीवर उभी आहे, म्हणून तिथला प्रेक्षक तावातावाने म्हणतो, "माझ्या पैशावर चालतंय." आपण तसं म्हणत नाही, कारण आपला पैसा करातून, मंत्रालयाच्या हातून फिरून जातो.

नाशिकला या सगळ्यात उशीर झाला, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वरळीचा टॉवर आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. कसाऱ्याच्या वर चित्र यायचं म्हणजे नशिबाचा भाग. ज्यांना परवडे ते गच्चीवर उंच पाइपला अँटेना आणि बूस्टर लावत, आणि तरी पडद्यावर मुंग्याच जास्त. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि गणित बदललं. दिल्लीचं चित्र उपग्रहावरून खाली घ्यायचं आणि १०० वॅटच्या छोट्या ट्रान्समीटरने आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये सोडायचं. आम्ही त्याला एलपीटी म्हणायचो. १९८४ मध्ये असे ट्रान्समीटर जवळपास रोज एक या वेगाने देशभर बसले. माझ्यासारख्यांना नोकऱ्या लागल्या त्या या लाटेमुळे.

पण यातली एक गोष्ट पुस्तकं सहसा सांगत नाहीत. एलपीटीवर जे येई ते दिल्लीचं. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, रंगही त्याच सुमारास आला, आणि छोट्या गावांना हा दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आधी मिळाला, मुंबईचा मराठी नंतर. शेतकरी केंद्रावर येऊन विचारायचे, "साहेब, मुंबईच्या बातम्या कधी लावणार?" मी काय लावणार? माझ्या हातात डिशची दिशा होती, कार्यक्रम नव्हता. 'राष्ट्रीय वाहिनी' या शब्दात राष्ट्र म्हणजे दिल्ली असं ठरवणारा कोणीतरी मालक असतो, हे मला तिथे कळलं.

आता कायदा. आणीबाणीत दूरदर्शन आणि आकाशवाणी सरकारी भोंगा झाल्या, त्याचा धडा म्हणून १९७७ मध्ये पत्रकार बी. जी. व्हर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला. त्याने १९७८ मध्ये 'आकाश भारती' या नावाच्या स्वतंत्र राष्ट्रीय न्यासाची शिफारस केली. न्यास, म्हणजे विश्वस्त. मला हा शब्द फार नेमका वाटतो : विश्वस्त मालक नसतो, दुसऱ्याची वस्तू सांभाळतो. १९७९ मध्ये विधेयक आलं ते प्रसार भारती नावाने आणि बरंच पातळ होऊन, पण लोकसभाच विसर्जित झाली. पुढे व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात १९९० मध्ये प्रसार भारती कायदा झाला, १२ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. आणि मग तो सात वर्षं पडून राहिला. कायदा होतो, पण 'अमुक तारखेपासून लागू' ही अधिसूचना सरकारने काढायची असते. ती निघाली १९९७ मध्ये. कायदा १५ सप्टेंबरला लागू झाला आणि २३ नोव्हेंबर १९९७ पासून महामंडळ अस्तित्वात आलं. तेव्हाचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल. १९७५ मध्ये आणीबाणी लागताच ज्यांच्याकडून माहिती व नभोवाणी खातं काढून घेतलं गेलं, तेच हे गुजराल.

म्हणजे 'मालकी कधी बदलली' याचं कागदावरचं उत्तर : २३ नोव्हेंबर १९९७. परीक्षेत हेच लिहा.

आता कागदाबाहेर या. १९९७ नंतर काही वर्षांनी मी घरकर्जासाठी नाशिकच्या एका बँकेत गेलो. अर्जात रकाना होता : नियोक्ता केंद्र सरकार, राज्य सरकार, महामंडळ की खासगी. मी 'केंद्र सरकार' वर खूण केली. बँकेतल्या बाईंनी पगारपत्रक पाहिलं. वर छापलेलं, 'प्रसार भारती (भारतीय प्रसारण निगम)'. "मग हे महामंडळ झालं ना?" माझ्या सेवापुस्तकात नेमणूक भारत सरकारची, बदलीचे नियम भारत सरकारचे, निवृत्तिवेतन भारत सरकारचं. त्या चूक नव्हत्या, मीही नव्हतो. शेवटी कार्यालयातून पत्र आणून द्यावं लागलं, आणि त्या पत्रातही वाक्य असं होतं की दोन्ही बाजूंनी वाचता येईल.

झालं होतं असं. कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कर्मचारी महामंडळाकडे जायचे होते. कर्मचाऱ्यांना ते नको होतं, कारण सरकारी नोकरीची आणि पेन्शनची हमी जाईल ही भीती. संघटनांनी कायदाच रद्द करा म्हणून आंदोलनं केली, संप केले. मीही घोषणा दिल्या आहेत. आज मागे वळून पाहताना मला वाटतं, आमची भीती खरी होती, पण स्वायत्तता अर्धी राहिली त्यात आमचाही हातभार लागला. अखेर २०११ च्या दुरुस्तीने ठरवलं की ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत लागलेले सगळे सरकारी कर्मचारीच, आणि ते प्रसार भारतीत निवृत्तीपर्यंत प्रतिनियुक्तीवर आहेत असं समजायचं. प्रतिनियुक्ती म्हणजे दुसऱ्याच्या घरी पाठवलेला माणूस. एक अख्खी संस्था वर्षानुवर्षं उसन्या माणसांवर चालली. महामंडळाची स्वतःची माणसं नेमण्यासाठी कायद्यात भरती मंडळाची तरतूद १९९० पासून होती, ते मंडळ २०२० साली स्थापन झालं.

जमिनीचं आणि यंत्रांचं? कलम १६ म्हणतं की सरकारची मालमत्ता महामंडळाकडे जाईल, 'केंद्र सरकार ठरवेल त्या अटींवर'. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. प्रसार भारतीच्या कारभारावर नेमलेल्या सॅम पित्रोदा समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यातही मालमत्तेची मालकी पूर्णपणे प्रसार भारतीकडे द्या अशी शिफारस करावी लागली. म्हणजे सतरा वर्षांनंतरही ते काम पुरं झालेलं नव्हतं. व्यवहारात टॉवरवर खासगी एफएमवाल्यांना जागा भाड्याने देणं वगैरे प्रसार भारतीच करते आणि भाडं तिच्याकडेच जातं. एखाद्या विशिष्ट केंद्राची जमीन कोणाच्या नावावर, हे मात्र जागेजागी वेगळं निघतं, कारण मूळ जमीन कुठे राज्य सरकारची, कुठे दुसऱ्या खात्याची. तुम्हाला जवळच्या केंद्राबद्दल लिहायचं असेल तर तलाठ्याकडून उतारा काढा, नुसत्या पाटीवरून ठरवू नका.

पैसा. कलम १७ प्रमाणे संसदेच्या मंजुरीने सरकार महामंडळाला रक्कम देतं. शिवाय जाहिराती आहेत, फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश-सेवेवर खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने दिल्या जातात त्याचं उत्पन्न आहे. पण पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानावर असतो, आणि मोठ्या प्रमाणावर नवी यंत्रसामग्री घ्यायची तर मंत्रिमंडळाकडेच जावं लागतं. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेली आधुनिकीकरणाची योजना २५३९.६१ कोटींची. तुमचे वडील म्हणतात ते इथे शंभर टक्के बरोबर आहे.

आणि हुकूम कोणाचा? मला विचाराल तर मालकीची खरी परीक्षा इथे होते. अध्यक्ष आणि सदस्य निवडणारी समिती तिघांची : राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. ऐकायला उत्तम. पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, संचालक मंडळावर मंत्रालयाचा प्रतिनिधी असतोच, आणि कलम ३३ प्रमाणे महामंडळाला स्वतःचे काही विनियम करायलाही सरकारची पूर्वमंजुरी लागते. नोकरांच्या अटी ठरवायच्या तरी वरून होकार हवा. माझ्या लेखी स्वायत्ततेचा गळा या साध्या दिसणाऱ्या कलमात आवळला आहे.

उलट ज्या कलम २३ ची लोकांना भीती वाटते ते मला त्या मानाने प्रामाणिक वाटतं. देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था यासाठी अमुक दाखवू नका, किंवा सार्वजनिक महत्त्वाचं अमुक दाखवा, असा आदेश सरकार देऊ शकतं. पण महामंडळाला वाटलं तर 'हे सरकारच्या निर्देशावरून दाखवत आहोत' असं जाहीर करता येतं, आणि अशा प्रत्येक आदेशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागते. लेखी हुकूम, तोही संसदेपुढे. ज्याच्या हातात माणसं आणि पैसा आहे त्याला असा लेखी हुकूम काढायची गरज सहसा पडत नाही, हा भाग वेगळा. कायद्यात २२ खासदारांच्या देखरेख समितीचीही तरतूद आहे, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात महामंडळाने मंत्र्याला नाही तर संसदेला उत्तर द्यावं असं होतं. तुमच्या प्रकल्पात या कलम १३ वर एक परिच्छेद जरूर लिहा.

इथवरचं थोडक्यात : नाव प्रसार भारतीचं, जुनी माणसं सरकारची, पैसा बराचसा सरकारचा, मालमत्ता कायद्याने महामंडळाची पण सरकारच्या अटींवर, नियमांवर सही सरकारची. उरल्या लहरी.

लहरींची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती मला सगळ्यात जवळची. १९९३ च्या हिरो कपचे सामने कोणी दाखवायचे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात भांडण लागलं. ईडन गार्डन्सवर सचिनने शेवटचं षटक टाकून दक्षिण आफ्रिकेला हरवलं, तीच स्पर्धा. सरकारचं म्हणणं होतं की १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे प्रक्षेपणाचा हक्क फक्त आमचा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, आपल्याच मातीतले. त्यांनी म्हटलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचं नियंत्रण सार्वजनिक संस्थेने लोकांच्या हितासाठी करावं, त्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना कोणा खासगी माणसाची. प्रसार भारती कायदा तेव्हा साडेचार वर्षं धूळ खात पडला होता.

त्या काळात रात्रपाळीला मी दर तासाला लॉगबुकात आकडे लिहायचो : किती पॉवर बाहेर गेली, किती परत आली. निकालाची बातमी वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मी मोजतोय ती वस्तू मंत्रालयाची नाही, खाली गावात दिवे लावून बसलेल्या लोकांची आहे. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी आमचा ट्रान्समीटर बंद करायचा आदेश आला. देशभर जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद झाले, मार्च २०२२ पर्यंत सीमावर्ती आणि मोक्याचे काही सोडून बहुतेक संपले. लोक डिश आणि मोबाइलवर गेले होते, निर्णय चुकीचा नव्हता. शेवटचं वाचन मीच लिहिलं आणि स्विच खाली केला. त्या लहरी मोकळ्या झाल्या. त्या आता कोणाला आणि कशा अटींवर दिल्या जातात, हाही मालकीचाच प्रश्न आहे, आणि सावंतांचा निकाल तिथेही लागू आहे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : कोणी विकत घेऊ शकतं का? खासगी वाहिनीचा मालक शेअरच्या व्यवहाराने बदलतो. स्टार वाहिन्या २०१९ मध्ये डिस्नेकडे गेल्या, आणि २०२४ मध्ये रिलायन्सच्या समूहाशी एकत्र झाल्या. प्रेक्षकाला पडद्यावर काही कळलंही नाही. प्रसार भारतीला शेअरच नाहीत. ती ओझरच्या एचएएलसारखी कंपनी नसल्यामुळे तिचा तुकडा बाजारात मांडता येत नाही. ती विकायची तर संसदेला आधी १९९० चा कायदा बदलावा लागेल, त्यावर सभागृहात चर्चा होईल, मतदान होईल. मात्र विकत न घेताही आतून बरंच बाहेर जाऊ शकतं : कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्यांकडून, प्रसारणाच्या वेळा विकून, टॉवर भाड्याने. ते थोडंफार ऐंशीच्या दशकातल्या प्रायोजित मालिकांपासून चालूच आहे. किती चालावं हे ठरवणारा पुन्हा तोच हात.

प्रकल्पात तुम्ही 'मालक : प्रसार भारती' असं लिहून थांबलात तर गुण मिळतील. पण वडिलांना एक प्रश्न विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत प्रकल्पात घ्या : २००६ साली प्रेस खात्यातून महामंडळात गेली तेव्हा त्यांना कोणत्या पर्यायावर सही करायला लावली होती, आणि सही करण्यापूर्वी किती रात्री झोप लागली नव्हती. आमच्या कँटीनमध्येही तेव्हा दुसरं काही बोलणं नसायचं.